तेजराम खलनायकाच्या गळ्याचा फोटो

दिघोरीच्या निर्मलाबाईची तक्रार अशी होती की तिचा नवरा फक्त नाटकातच खलनायक होता. घरातही असता तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची. खलनायकाला निदान आपल्याला काय पाहिजे ते ठाऊक असतं. तेजरामला घरात आपली टोपी कुठे आहे ते ठाऊक नसायचं, धानाच्या बांधीतलं पाणी सोडलं की अडवलं ते ठाऊक नसायचं, आणि जेवायला बसल्यावर कढी घेतली की नाही, हेसुद्धा तो तिलाच विचारायचा.

पण मंडई आली की हाच माणूस वेगळा व्हायचा. दिवाळी सरली की भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा पाळणे, जिलेबी, माहेरी आलेल्या लेकी आणि त्यांचे रुसलेले जावई. रात्री नाटक. तेजराम कधी दुष्ट पाटील व्हायचा, कधी डाकू, कधी भावाच्या जिवावर उठलेला भाऊ. पडद्याआडून त्याचं हसणं ऐकू आलं की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदराखाली शिरायची. धानाच्या चार बांध्या कसणारा हा माणूस एका हसण्यावर पंचक्रोशीत ओळखला जायचा.

त्या हसण्यामागे निर्मलाबाईचा हात होता, आणि हे शब्दशः खरं होतं. तिच्या लग्नाच्या वर्षीच नाटक मंडळीचा जुना नट गोमाजी थकला, तेव्हा त्याने आपली रंगाची पेटी तिच्या स्वाधीन केली. सफेदा, काजळ, कुंकू, डिंक, कापडात गुंडाळलेल्या मिशा, आणि कोपऱ्यात एक काळपट तांबड्या पातळ पाकाची बाटली. तो गळ्याचा पेंट. गोमाजीने शिकवलं होतं, आधी गळा, मग चेहरा, मग मिशी. गळा रंगवल्याशिवाय मिशी लावली तर नटाला अपशकुन होतो. निर्मलाबाईने हे व्रतासारखं पाळलं. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, पेंटात बुडवायचा, तेजरामने आ करायचा, तिने एका हातात कंदील धरून दुसऱ्या हाताने पडजिभेच्या डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा फिरवायचा. मग तो कडू तोंड करायचा, एक हसू सोडायचा, कौलांवरची कबुतरं उडायची, आणि गळा तयार झाला असं दोघांनाही वाटायचं. नाटक असो की नुसती तालीम, यात कधी खंड पडला नाही.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात तेजराम खाऊन खाऊन वाळायला लागला. दोन माणसांचा भात एकटा जेवायचा आणि सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. पावसात सगळे कुडकुडत असले तरी हा घामाने निथळायचा. झोप नाही, बसणं नाही, बोलणं असं की ऐकणाऱ्याला धाप लागावी. तालमीत प्रॉम्प्टर केवळराम वैतागून गेला. तो पहिलं वाक्य वाचायचा तोवर तेजराम तिसऱ्यावर पोचलेला असायचा. तीन तासांचं नाटक दोन तासांत संपायला लागलं, आणि प्रेक्षक पानसुपारी घेऊन परत येईपर्यंत नायिकेचं लग्नही उरकलेलं असायचं.

त्यात भर अशी की त्याचा हात थरथरायला लागला. निर्मलाबाईचा जीव धसकला, पण लोकांना ते फार आवडलं. गणपतीतल्या एका प्रयोगात पिस्तूल उचलताना तो असा काही थरथरला, डोळे असे टक्क उघडे राहिले, की सरपंचाने मध्येच उठून त्याच्या गळ्यात हार घातला. राग दाखवावा तर तेजरामने, असं लोक म्हणायला लागले. आजाराला हार मिळाला तर तो कशाला जाईल, हे निर्मलाबाईला त्याच रात्री कळून चुकलं.

हार काढताना तिच्या बोटांना गाठ लागली. गळ्याच्या उजव्या अंगाला, बोराहून मोठी. गिळलं की वर जायची, मग खाली यायची. तेजराम म्हणाला, हाराचा दोरा टोचला असेल.

निर्मलाबाईचा थोरला भाऊ देवाजी जवाहरनगरच्या कारखान्यात होता. क्वार्टर, सायकल, शिट्टी वाजली की जायचं आणि शिट्टी वाजली की यायचं, असा शिस्तीचा माणूस. त्याने बहीण-मेहुण्याला भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं. तिथून रक्त तपासायला मुंबईला गेलं, आणि उत्तर आलं की गळ्यातली ग्रंथी गरजेच्या कितीतरी पट जास्त रस रक्तात सोडते आहे. हाताचा कंप, घाम, वाळणं, सगळं त्या रसाचं काम. आता गाठीचा फोटो काढायला नागपूर.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. ही ग्रंथी आयोडीन घेऊन आपला रस बनवते. म्हणून रोग्याला किंचित किरणं सोडणारं आयोडीन पाजायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते गळ्यात कुठे जमलं ते यंत्राने टिपायचं. गाठीने आयोडीन ओढलं असेल तर ती कामकरी गाठ, तिला गरम म्हणतात. तिच्यात सहसा वाईट काही नसतं. गाठीची जागा कोरी राहिली तर ती थंड. थंड गाठीत कधीकधी कॅन्सर निघतो, म्हणून ती कापून काढावी लागते.

तेजरामने एवढंच विचारलं की कापताना आवाजाला धक्का लागतो का. बाई खोटं बोलल्या नाहीत. आवाजाची नस ग्रंथीच्या मागूनच जाते, म्हणाल्या. बहुतेकांना काही होत नाही, पण हमी देता येत नाही.

बाहेर व्हरांड्यात येऊन तेजरामने निर्णय सांगून टाकला. "गाठ थंडी निघाली तं मी गावाले चाललो. चाकू लावू देत नाही मी. आवाज गेल्यावर काय करू, बैल राखू?"

"बैलबी आवाजाबिगर आयकत नाही," निर्मलाबाई म्हणाली. तिला ठाऊक होतं, हा माणूस टोपी विसरेल, पण बोललेलं विसरणार नाही. गाठ थंड निघाली तर तो खरोखर घरी येऊन बसेल आणि गाठ त्याला खाऊन टाकेल. आता सगळं त्या फोटोवर होतं.

दुसऱ्या दिवशी तेजराम पलंगावर मान मागे टाकून निजला. यंत्राचा हात त्याच्या गळ्यावरून इकडून तिकडे सरकत होता आणि शेजारी कागदावर टक, टक करत ठिपके उमटत होते. ठिपके कसले, बी संपल्यावर पेरलेल्या वावरासारखी अवस्था. इथे एक, तिथे दोन, बाकी कोरं. गाठ कोरी, आणि गाठीच्या बाजूची चांगली ग्रंथीही कोरी.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. रक्त म्हणतं ग्रंथी ओसंडून वाहते आहे, आणि फोटो म्हणतो ती काही घेतच नाही. त्यांनी खोदून खोदून विचारलं. खोकल्याचं औषध? टिंक्चर? गळ्याचं काही औषध? कुठल्या वैद्याची पुडी? तेजरामने सवयीने निर्मलाबाईकडे पाहिलं, आणि निर्मलाबाईने प्रत्येकाला ठामपणे नाही म्हटलं. बाईंनी धडधड कमी करायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं की दीड महिना आयोडीनचा थेंब पोटात जाता कामा नये, मग परत या. फोटोशिवाय पुढचं काही ठरवता येणार नाही.

त्या दीड महिन्यात निर्मलाबाईने नवऱ्याला कैद्यासारखं राखलं. बाजारातली सुकट बंद. खोकल्याची बाटली उकिरड्यावर. धान कापताना तेजरामच्या पायाला विळा लागला, तर टिंक्चर शेजारच्या रुखमाच्या घरी पोचतं केलं आणि जखमेत हळद भरली. रुखमा म्हणाली, एवढी नजर तर पोलीसही ठेवत नाहीत. तेजरामवर मात्र तिचा काडीचा भरवसा नव्हता. गोळ्यांनी हाताचा कंप कमी होतो हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणून तालमीच्या दिवशी तो गोळी गालात धरायचा आणि गोठ्यामागे थुंकायचा. कोंबडीने ती टिपली तेव्हा हे उघडकीला आलं. निर्मलाबाई संध्याकाळी कंदील धरून त्याचा गळा रंगवायची, आणि रंगवता रंगवताच दरडावायची की आज कोणाच्या हातचं काही औषध तर घेतलं नाही ना. तेजराम आ केलेल्या तोंडाने नाही म्हणायचा.

दुसऱ्या फोटोची तारीख आली ती नेमकी मंडईच्या हंगामात. त्याच रात्री शहापूरला प्रयोग होता. शहापूर नागपूरहून परतीच्या वाटेवरच, तेव्हा रंगाची पेटी सोबत घेतली. आदल्या दिवशी आयोडीन पिऊन दोघं देवाजीकडे मुक्कामाला राहिले. देवाजीने सोबत यायला रजा टाकली आणि बहिणीला एकटीला गाठून विचारलं, जवाईबापू चोरून काही खात तर नाही? ती म्हणाली, या वेळी नाही. मी डोळ्यात तेल घालून आहे.

दवाखान्यात गर्दी होती. दुपार कलली तरी नंबर येईना. तेजराम व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. शहापूरला उशीर झाला तर केवळराम त्याचं काम मंडळीतल्या खुशालला देईल, आणि खुशालला हसता येत नाही, तो खोकतो. शेवटी तो बाकावर बसला आणि म्हणाला की निदान तयारी तरी इथेच उरकून घे. निर्मलाबाईने कपाळावर हात मारला. पण नंबरापेक्षा त्याच्या येरझाऱ्यांनीच तिचं डोकं उठलं होतं. तिने पेटी उघडली, काडीला कापूस गुंडाळला, देवाजीच्या हातात बॅटरी दिली. आधी गळा.

डावीकडे फिरवून झालं होतं, उजवीकडे काडी जात होती, तेवढ्यात डॉक्टरीणबाई व्हरांड्यातून आल्या आणि थबकल्या. त्यांनी निर्मलाबाईच्या मांडीवरची बाटली उचलली. वरचा कागद वाचला. पुन्हा वाचला.

"हे कधीपासून लावता?"

"लगनापासून," निर्मलाबाई म्हणाली. "रोज नाही जी. तालीम राहिली तं, नाटक राहिलं तं."

"आणि तालीम कधी असते?"

"रोज."

बाई त्याच बाकावर बसल्या. "मी तुम्हाला विचारलं होतं, गळ्याचं काही औषध लावता का. हे आयोडीन आहे. या बाटलीत दुसरं काही नाहीच म्हटलं तरी चालेल."

"पण हे औषध कुठं होय, जी," निर्मलाबाई म्हणाली. "हा तं मेकप होय. मिशीसंगं येते."

बाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग त्यांनी सांगितलं. काठोकाठ भरलेल्या तलावात नवं पाणी शिरत नाही. यांची ग्रंथी या पेंटातल्या आयोडीनने इतकी भरली आहे की आम्ही पाजलेला घोट ती घेणारच कुठे. कितीही फोटो काढा, कोरेच येतील. आणि दुसरी गोष्ट. गाठ जर कामकरी असेल, तर तिला रोज तुम्ही आयतं सामान पुरवत होता. जितकं लावाल तितका रस, जितका रस तितका कंप.

तरी यंत्राखाली निजवलंच. कागद कोरा. आता आणखी काही महिने थांबायचं, आणि तेही गळ्याला काहीही न लावता.

बसमध्ये निर्मलाबाई खिडकीकडे तोंड करून बसली. दीड महिना तिने सुकट, टिंक्चर, रुखमा, कोंबडी, सगळ्यांना धारेवर धरलं होतं, आणि काडी तिच्याच हातात होती. देवाजी मागच्या बाकावरून पुन्हा पुन्हा म्हणत होता की बाटलीवर तं लिहून होतं. ते इंग्रजीत होतं, आणि बाटली त्यानेही बॅटरीच्या उजेडात पाहिली होती.

तेजरामने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तिच्या कानाशी वाकला. "म्हंजे तो थरथराट तूच भरला माह्या अंगात. मंग सरपंचाचा हार तुलेच पायजे होता."

"चूप बसा," निर्मलाबाई म्हणाली. पण बस शहापूरला पोचेपर्यंत तिने खिडकीतून तोंड आत घेतलं होतं.

त्या रात्रीचं नाटक झालं. अर्धा रंगवलेला गळा घेऊन तेजराम खूप गाजला. बाटली देवाजीच्या ताब्यात गेली, आणि खरा वैताग दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. हंगाम भर रंगात, आणि खलनायकाचा गळा कोरा. निर्मलाबाई त्याला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावायची, ज्येष्ठमध चघळायला द्यायची. तिसऱ्या मंडईला त्याचं हसू मधोमध फाटलं आणि मागून कोणीतरी ओरडलं, भोंगा बदला. केवळरामने खुशालला पाठांतर सुरू करायला सांगितलं. तेजरामने दोन दिवस जेवणावर राग काढला, म्हणजे एकाच माणसाचं जेवला. मग एका सकाळी खत आणायला म्हणून लाखांदूरला गेला.

संध्याकाळी रिकाम्या हाताने परतला. खतही नाही. "बाबूलाल देत नाही म्हणते पेंट," तो म्हणाला. बाबूलालचं औषधाचं दुकान होतं. "तू माह्या आधीच जाऊन आली का तेथं?"

"पवनीलेबी जाऊन आली," निर्मलाबाई म्हणाली. "अन् साकोलीले निरोप धाडला."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं नाटकात नायकाने डाव उधळल्यावर पाहायचा. मग पायरीवर बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "थंडी निघाली तं?"

गोठ्यातल्या बैलांना पेंढी टाकायची राहिली होती, ती टाकायला निर्मलाबाई उठून गेली.

फाल्गुनात तिसरा फोटो निघाला. यंत्राचा हात सरकला, टक, टक. डावीकडे काही नाही, काही नाही. मग हात उजव्या बाजूला आला आणि यंत्राला जणू फेफरं आलं. एकाच जागी ठिपक्यावर ठिपके, काळीमिट्ट बोराएवढी रास. बाकी सगळा कागद पांढरा. गाठच सगळं ओढत होती आणि शेजारची चांगली ग्रंथी झोपी गेली होती.

"गरम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तेजरामने गळ्यावरून हात फिरवला. "मंग चाकू?"

"चाकू नको. प्यायचं औषध देऊ. जी गाठ सगळं ओढते, तीच ते ओढेल आणि आतून जळून जाईल."

"कायचं औषध होय ते?" निर्मलाबाईने विचारलं.

बाई जराशा अडखळल्या. "आयोडीनच आहे. किरणांचं. फोटोसाठी दिलं तेच, फक्त जास्त."

निर्मलाबाईने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. सुकट बंद, टिंक्चर बंद, तीन गावच्या दुकानदारांशी वैर, हंगाम बुडाला, आणि औषध काय तर आयोडीन. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. देवाजीने तिला चहा आणून दिला. ती म्हणाली की तिला काही बोलायचं नाही, आणि मग चहा गार होईपर्यंत बोलत राहिली.

औषध लागू पडायला पावसाळा गेला. तेजराम भरला, झोपायला लागला, रोवण्याच्या दिवसांत धान लावणाऱ्या बायांच्या मागे ओरडायचा तेसुद्धा सावकाश. गाठ आक्रसून चिंचोक्याएवढी झाली. आवाज शाबूत होता, आणि पेंटाशिवायही कबुतरं उडायची. तरी ऐंशीच्या पहिल्या मंडईला लोक हळहळले. पिस्तूल उचलताना तेजरामचा हात दगडासारखा स्थिर. मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं की खलनायकाने भजन सुरू केलं वाटतं.

तेजराम घरी येऊन काळवंडून बसला. थरथरणं त्याला कधी करावं लागलंच नव्हतं, ते आपोआप व्हायचं. आता त्याने ओसरीवर पाण्याने भरलेला तांब्या हातात धरून थरथरायचा सराव सुरू केला. ओसरी ओली झाली, अभिनय काही होईना. एखाद्या माणसाला हिव भरलं आहे असं वाटायचं, राग कुठे दिसायचा नाही.

निर्मलाबाई तांदूळ निवडत होती. बराच वेळ तिने सोसलं. शेवटी सूप खाली ठेवलं.

"असे नोते थरथरत तुमी," ती म्हणाली. "आधी बोटं. करंगळी पयले. मंग मनगट. अन् मान नाही हलत, मान ताठ राहते. डोयाची पापणी मिटतच नाही."

तेजराम तिच्याकडे पाहत राहिला. वर्षभर तिने तो हात जेवताना, झोपेत, विळा धरताना पाहिला होता. तिने त्याला ओसरीवर उभं केलं आणि करंगळीपासून शिकवलं, वैतागत, दर दोन वाक्यांनी पाणी सांडल्याबद्दल बोल लावत.

पुढच्या मंडईला तिने नेहमीसारखी पेटी उघडली. बाटलीची जागा रिकामी होती, तिथे ज्येष्ठमधाची काडी ठेवलेली. चेहरा, मग मिशी. ती पडद्याआड उभी राहिली. तेजरामने पिस्तूल उचललं. आधी करंगळी हलली. मग मनगट. मान ताठ. डोळे टक्क. पुढच्या रांगेतली पोरं पदराखाली शिरली, आणि पडद्याआड निर्मलाबाईच्या हातातली काजळाची डबी खाली पडली.

प्रवेश संपवून तो आत आला तशी तिने त्याचं मनगट धरलं. नाडी संथ होती. गळ्याला हात लावला, गाठ चिंचोक्याएवढीच.

"नाटक होतं ना?"

"नाटकच होतं," तेजराम म्हणाला. बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या.

तिने हात सोडला, वाकून डबी उचलली. काजळ सगळं मातीत गेलं होतं. "मंग सांगून थरथरत जा," ती म्हणाली. "अन् मिशी सरळ करा. तिरपी होऊन राहिली."